दुरुस्तीनंतरचा आवाज

घरची दुरुस्ती ही मोठी मोहक गोष्ट आहे. परक्याच्या हातीं वस्तु देऊन त्याची मर्जी सांभाळीत बसण्यापेक्षां चार पाने व एक हातोडी घेऊन आपणच कामास लागावें, यांत पैशाची बचत होते आणि स्वावलंबनाचा आनंदही लाभतो. परंतु या स्वावलंबनाची खरी परीक्षा दुरुस्ती चालू असतांना होत नाहीं. ती दुरुस्ती संपल्यावर होते. सर्व भाग जागच्या जागीं बसलेले असावेत, हात धुऊन झालेले असावेत, आणि यंत्र सुरू करावें तों त्यांतून पूर्वीं कधींही न ऐकलेला आवाज निघावा; घड्याळ चालावें पण मागें पडावें, शिवणयंत्र फिरावें पण त्यानें टांके सोडावेत; अशा वेळीं मनुष्याच्या अंगीं धीर किती, विवेक किती आणि न्यायबुद्धि किती, हें उघडें पडतें. 'न्यायबुद्धि' हा शब्द मीं जाणूनबुजून घातला आहे. यंत्राचा दोष शोधण्याशीं न्यायाचा काय संबंध, असें वाचकांस वाटेल. त्याचें उत्तर म्हणून लहानपणीं ठाकूरद्वारास पाहिलेली एक हकीकत सांगतों.

माझे मामा टॅक्सी चालवीत. झावबाची वाडी आणि फणसवाडी यांच्या शेजारांत, ठाकूरद्वाराच्या नाक्यापासून हांकेच्या अंतरावर आमची वाडी होती, व तिच्या चौकांत पाण्याच्या नळापलीकडे मामांची काळीपिवळी 'पद्मिनी' रात्रीं उभी असे. ज्या बालवाचकांनीं ही गाडी धांवतांना पाहिली नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द सांगणें अवश्य आहे. सोलापुरांत जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांत पुढें इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्याबरहुकूम मोटारी तयार होऊं लागल्या. त्यांतीलच 'अकराशें' या नमुन्याची गाडी १९७० नंतरच्या दशकांत 'पद्मिनी' या नांवानें घरोघरीं ठाऊक झाली. एंजिन लहानसें, चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटर मापाचें. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचें या गाडीवर प्रेम होतें, तें कांहीं तिच्या डौलामुळें नव्हे. तिचें बॉनेट उघडलें कीं बहुतेक अवयव डोळ्यांस दिसत, हातास लागत, आणि साध्या पान्यांनीं सुटत. म्हणून ती गरिबाची गाडी होती.

१९९४ सालच्या मे महिन्यांत या गाडीचें पाणी वरचेवर कमी होऊं लागलें व सायलेन्सरांतून पांढरी वाफ येऊं लागली. एंजिनाच्या डोक्याखालचें गॅस्केट फुटलें आहे, हें मामांनीं ओळखलें. कारखान्यांत काम द्यावें तर मजुरीच इतकी होती कीं त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता चुकला असता. मामा तरुणपणीं चार वर्षें मोटारीच्या कारखान्यांत राबलेले होते. त्यांनीं काम चौकांतच करावयाचें ठरविलें. मदतीस दोघे मुलगे होते. एक मी, सुट्टीस आलेला भाचा, विजेचा दिवा धरण्याच्या कामावर. दुसरा वाडींतलाच एक नववीचा विद्यार्थी. त्याचे वडील हयात नव्हते, आई गिरगांवांतील एका खानावळींत पोळ्या लाटीत असे. मुलगा अबोल, पण हाताचा नेटका. सुटलेला प्रत्येक भाग रॉकेलांत धुऊन, पुसून, डब्यांच्या झांकणांत ओळीनें मांडून ठेवावयाचा, हें काम मामांनीं त्यास दिलें होतें.

वेळ मोजकी होती. पांचव्या दिवशीं ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत गाडीचें वार्षिक पासिंग होतें. पासिंग झालें नाहीं तर टॅक्सी रस्त्यावर आणतां येत नाहीं, आणि टॅक्सी उभी तर चूलही उभी. त्यांतून धुराची तपासणी ही गाडी उभी व एंजिन मंद चालत असतांना करीत असत. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचें प्रमाण पेट्रोलच्या चारचाकी गाडीस त्या काळीं शेंकडा ३ हून अधिक चालत नसे. तेव्हां एंजिनाची मंद चाल, जिला कारागीर 'आयडलिंग' म्हणतात, ती शुद्ध असणें हा पोटापाण्याचा प्रश्न होता.

दोन दिवस खपून डोकें उतरविलें, साचलेला कार्बन खरवडला, नवें गॅस्केट घातलें व सर्व जोडलें. तिसऱ्या दिवशीं दिवेलागणीस मामांनीं किल्ली फिरविली. एंजिन लागलें. गॅलऱ्यांतून पाहणारांनीं टाळ्या वाजविल्या. परंतु ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतांच एंजिन धापा टाकल्यासारखें करी, थरथरे आणि बंद पडे. मंद चालीचा स्क्रू आवळून पाहिला तर तें वेड्यासारखें भरधांव फिरूं लागे. शिवाय दोन नवे आवाज आले होते. एक सापाच्या फूत्कारासारखा 'सूं' असा, आणि दुसरा धातूवर धातु आपटल्यासारखा टकटक करणारा.

लागलीच वाडी वैद्य झाली. एकानें पेट्रोलांत भेसळ सांगितली, दुसऱ्यानें कॉइल गेली म्हटलें, तिसऱ्यानें गाडी विकून टाकण्याचा सल्ला दिला. इतक्यांत कोणींतरी झांकणें पाहिलीं. कार्ब्युरेटरचे जे जुने वॉशर काढून ठेवले होते, त्यांत एक कमी भरला. झालें! दुसऱ्या मजल्यावरचे एक वजनदार गृहस्थ कठड्यावरूनच म्हणाले, "कार्ब्युरेटर काढल्यावर खालचें तोंड उघडें होतें ना? पोरानें वॉशर आंत पाडला. तोच वाजतो आहे. पोराटोरांच्या हातीं असलीं कामें देतात कां कोणी?" आणि मग तेंच सर्वांच्या तोंडीं झालें. मुलगा भिंतीशीं उभा होता. तो एवढेंच म्हणाला, "काका, मीं नाहीं पाडला." त्याची आई नुकतीच कामावरून आली होती, ती जिन्याच्या पायरीवर पिशवी हातांत धरून तशीच थांबली.

मामांनीं एंजिन बंद केलें, बॉनेट लावलें व हात पुशीत म्हटलें, "आतां उद्यां सकाळीं. आत्तां एंजिन तापलें आहे आणि माणसेंही तापलीं आहेत. वॉशर आंत आहे कीं नाहीं हें एंजिनच सांगेल. तोंपर्यंत पोराचें नांव कोणीं काढूं नये." त्या रात्रीं मुलगा जेवला नाहीं, असें मामीनें मागाहून सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मामांनीं प्रथम माझ्या वहीचें एक पान मागून घेतलें व मजकडून दोन याद्या लिहविल्या. आपण काय काय उघडलें, ही पहिली. आपण कशास हात लावला नाहीं, ही दुसरी. पहिलींत डोकें, कार्ब्युरेटर, टॅपेट, प्लग व पाण्याच्या नळ्या हीं नांवें आलीं. दुसरींत पेट्रोलचा पंप, कॉइल व डिस्ट्रिब्यूटर. "दुरुस्तीआधीं जो रोग नव्हता तो दुरुस्तीनंतर आला, तर बहुधा तो आपल्याच हातानें आला असतो. म्हणून पहिली यादी संपल्याशिवाय दुसरीकडे जावयाचें नाहीं. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. दोन बदलल्या तर गुण कशानें आला हें कळत नाहीं." ही त्यांची सर्व विद्या. पुढें मोठेपणीं अनेक क्षेत्रांत नांवाजलेलीं माणसें मीं चुकलेली गोष्ट शोधतांना पाहिलीं. याहून अधिक चांगला नियम त्यांच्याजवळ असल्याचें मला आढळलें नाहीं.

एंजिन पुन्हां चालू करण्यापूर्वीं वॉशरचा प्रश्न घेणें भाग होतें. कारण तो खरोखरच आंत असता तर चालू केल्यानें अनर्थ झाला असता. चारी प्लग काढले. पिस्टनवर एखादा कठीण तुकडा नाचत असेल तर तो प्लगच्या टोंकास ठेंचल्यावांचून सहसा राहत नाहीं. चारी प्लगांचीं टोंकें अभंग होतीं. मग प्लग बाहेरच ठेवून गाडी टॉप गिअरमध्यें घातली आणि आम्हीं ती चौकांत हळूहळू ढकलली. त्यामुळें चाकें एंजिनास फिरवूं लागलीं. कोठेंही अडखळ नाहीं, करकर नाहीं. मामांनीं वर पाहून कांहीं म्हटलें नाहीं. प्लग पुन्हां बसविले.

आतां मंद चालीचा विचार. एंजिनाची मंद चाल ही सर्वांत नाजूक अवस्था कां, हें समजून घेण्यासारखें आहे. पेट्रोल एंजिनाच्या पोटांत नुसतें पेट्रोल जळत नाहीं. एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते. हें मिश्रण करणारें पात्र म्हणजे कार्ब्युरेटर. त्याच्या गळ्यांत एक चकती असते. ॲक्सिलरेटर दाबला कीं ती उघडते, सोडला कीं मिटते. मंद चालीच्या वेळीं ही चकती जवळजवळ पूर्ण मिटलेली असल्यामुळें एंजिनास अगदीं थोड्या हवेवर निर्वाह करावा लागतो, आणि चकतीपलीकडच्या नळींत हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी होतो. अशा वेळीं एखाद्या सांध्यांत केंसाएवढी फट असली तरी बाहेरची हवा जोरानें आंत घुसते. तोच तो फूत्कार. घोंटभर दुधांत पेलाभर पाणी पडावें तसें मिश्रण पातळ होतें व एंजिनाचा श्वास तुटतो. उलट गाडी वेगांत असतांना चकती उघडी असते, हवेचा लोंढा मोठा असतो, आणि त्यांत एवढ्याशा चोरट्या हवेचा पाड लागत नाहीं. म्हणूनच जी गाडी रस्त्यावर धड धांवते ती सिग्नलला मान टाकते. केवळ स्क्रू आवळून वेग वाढविणें हा यावर उपाय नव्हे. फट जागच्या जागीं राहते, आणि लक्षण तेवढें झांकलें जातें.

मामांनीं स्क्रू थोडा आवळून एंजिन कसेंबसें चालतें ठेवलें, तेलाची पिचकारी घेतली, आणि कार्ब्युरेटर ज्या नळीवर बसतो त्या सांध्याभोंवतीं थेंब थेंब तेल सोडीत गेले. पुढचा कोपरा झाला, कांहीं नाहीं. डावी बाजू झाली, कांहीं नाहीं. मागच्या कोपऱ्यावर थेंब पडतांच तो आंत ओढला गेला, फूत्कार थांबला आणि एंजिन क्षणभर सरळ चालूं लागलें. तेल शोषलें जातांच पुन्हां पूर्ववत्. रोगानें आपलें घर दाखविलें होतें. कार्ब्युरेटर उतरविला तों खालचें कागदी पॅकिंग मागच्या कोपऱ्यावर फाटलेलें. जुनेंच पॅकिंग, तें चार आणे वांचविण्यासाठीं पुन्हां बसविलें गेलें होतें. मामांनीं तें उन्हांत धरून पाहिलें, खिशांतून पैसे काढले आणि नवें आणावयास त्या मुलासच पाठविलें. मी त्याच्याबरोबर होतों. ऑपेरा हाऊसच्या बाजूस मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांची मोठी पेठ आहे; जगन्नाथ शंकरशेट रस्त्यानें आम्ही पायींच गेलों. जातांना तो एक शब्द बोलला नाहीं. येतांना मात्र तें पॅकिंग त्यानें वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्यें ठेवून, त्यास घडी पडूं न देतां आणलें.

नवें पॅकिंग घातलें. दोन्ही नट एकदम न आवळतां आळीपाळीनें थोडे थोडे आवळले. कारण एक बाजू आधीं ताणली तर दुसरी उचलली जाते. मग मिश्रणाचा स्क्रू सावकाश फिरवून एंजिन ज्या ठिकाणीं सर्वांत गोड चालतें तें ठिकाण शोधलें व वेगाचा स्क्रू सैल करीत आणला. एंजिन आपल्या नेहमींच्या मंद चालीवर स्थिर झालें. डॅशबोर्डवर ठेवलेल्या पेल्यांतील पाणी हिंदकळत नव्हतें. फूत्कार गेला होता. टकटक मात्र राहिली होती, आणि आतां ती अधिकच स्पष्ट ऐकूं येत होती. "मीं म्हटलें नव्हतें?" असा आवाज वरून आलाच.

आवाजाच्या बाबतींत कानाएवढा फसवा साक्षीदार नाहीं. एंजिन हा सबंध धातूचा गोळा. एका कोपऱ्यांतला ठोका सर्वांगांतून ऐकूं येतो. यास मामांची युक्ति अशी कीं लांब स्क्रू ड्रायव्हरचें टोंक एंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवावयाचें व मूठ कानाशीं धरावयाची. ज्यास ही युक्ति गांवठी वाटेल त्यानें लक्षांत ठेवावें कीं १८१६ सालीं पॅरिस येथें लाएनेक नांवाच्या डॉक्टरानें कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीस लावली व दुसरें टोंक कानाशीं धरलें, आणि त्यांतूनच आजचा स्टेथॉस्कोप जन्मास आला. तत्त्व एकच आहे. भोंवतालचा गलबला वगळून एकाच जागेचें बोलणें ऐकणें. खालच्या भागांत टकटक मंद होती. वर, झडपांच्या झांकणावर, तिसऱ्या सिलिंडरच्या जागीं ती सर्वांत तीव्र होती.

तथापि वॉशर तिसऱ्या सिलिंडरांतच कशावरून नसेल, अशी शंका उरलीच. तिचें निरसन ज्या रीतीनें झालें ती मला आजही अद्भुत वाटते. एंजिनाचा दांडा दोन फेरे करतो तेव्हां प्रत्येक सिलिंडरांत एकदां स्फोट होतो व प्रत्येक झडप एकदांच उघडते. पण पिस्टन मात्र प्रत्येक फेऱ्यास एकदां वर येतो, म्हणजे दोन फेऱ्यांत दोनदां. मिनिटास ८०० फेरे धरले तर झडपेचा ठोका मिनिटास ४०० वेळां पडेल, आणि पिस्टनवर पडलेली वस्तु आपटली तर ती ८०० वेळां आपटेल. प्लगची ठिणगीही मिनिटास ४०० वेळांच पडते. तेव्हां आवाज ठिणगीच्या बरोबरीनें चालतो कीं दुपटीनें, एवढें कळलें म्हणजे निकाल लागला. परंतु सेकंदास सहा-सात व तेरा या गति मोजावयाच्या कोणीं?

मामांनीं वर हांक मारली, "आप्पा, जरा खालीं येतां का? कान पाहिजे." आप्पा म्हणजे वाडींतील भजनांत तबला वाजविणारे वृद्ध गृहस्थ. मामांनीं पहिल्या सिलिंडरची तार काढून तिला एक जादा प्लग लावला व तो एंजिनाच्या धातूवर टेकवून ठेवला. एंजिन तीन पायांवर लंगडत चालूं लागलें आणि प्लगच्या टोंकाशीं निळी ठिणगी लुकलुकूं लागली. आप्पांनीं डोळे ठिणगीवर ठेवले, मान किंचित् वांकविली, उजव्या हाताचीं बोटें मांडीवर नाचविलीं. सबंध वाडी गप्प झाली. अर्ध्या मिनिटानें ते म्हणाले, "एका ठिणगीला एक ठोका. बरोबरीची लय आहे. दुगुन नाहीं."

"मग वॉशर नाहीं," मामा म्हणाले.

मामांनीं झडपांचें झांकण काढलें. एंजिन मंद चालत असतांनाच एकेका टॅपेटच्या फटींत फिलर गेजची बारीक पाती सरकविली. तिसऱ्या सिलिंडरच्या एका झडपेशीं पाती जातांच टकटक बंद. काढतांच पुन्हां सुरू. त्या टॅपेटचा अडकवणीचा नट पुरता आवळला गेला नव्हता, म्हणून स्क्रू मागें सरून फट वाढली होती. मामांनीं एंजिन बंद करून फट मापानें बसविली, नट आवळला, झांकण लावलें व पुन्हां किल्ली फिरविली. चौकांत पद्मिनीचा तोच जुना, ओळखीचा, घरंदाज गुणगुणाट भरला.

यानंतर मामांनीं जें केलें तें मी विसरलों नाहीं. त्यांनीं हात पुसले, त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि वरच्या गॅलऱ्यांस ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हटलें, "पॅकिंग मीं बसविलें होतें, नट मीं आवळला होता. दोन्ही खोटा माझ्या हाताच्या. या पोरानें जेवढें काम केलें तेवढ्यांत एकही खोट निघाली नाहीं." जिन्याजवळ उभी असलेली त्याची आई पदर तोंडास लावून आंत गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनीं क्षमा मागितली नाहीं. मोठीं माणसें मुलांची क्षमा सहसा मागत नाहींत. पण त्या संध्याकाळीं त्यांच्या घरून मुलाच्या घरीं चार हापूस आंबे गेले. दुसऱ्या दिवशीं ताडदेवास गाडी पास झाली.

आणि वॉशर? तो दोन दिवसांनीं सांपडला. ज्या गोणपाटावर हत्यारें मांडलीं होतीं तें झटकतांना त्याच्या विणींत ग्रीसनें चिकटलेला तो खालीं पडला. परंतु वाचकहो, मला जें सांगावयाचें आहे तें हेंच कीं वॉशर सांपडण्यापूर्वींच मुलगा निर्दोष ठरला होता. तो दैवयोगानें सुटला नाहीं, पुराव्यानें सुटला. वॉशर हरवला होता ही गोष्ट खरी होती. एंजिनांत आवाज होता हीही गोष्ट खरी होती. परंतु दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशेजारीं आल्या म्हणून त्यांचें नातें खरें ठरत नाहीं. तें नातें लोकांनीं जोडलें होतें, आणि जोडतांना दोष कोठें असणें संभवनीय आहे हें न पाहतां, तो कोणावर टाकणें सोपें आहे हें पाहिलें होतें. अनुभवी कारागिरावर कोणाचा संशय गेला नाहीं. पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या मुलावर सर्वांचा गेला. जगांतील पुष्कळसा अन्याय दुष्टपणानें होत नाहीं, तो असा घाईनें होतो.

ज्यांच्या घरीं मोटार किंवा मोटारसायकल आहे त्यांच्या उपयोगाकरितां आवाजांविषयीं चार गोष्टी सांगतों. मंद चालींत फूत्कार ऐकूं आला तर हवेच्या नळ्या व सांधे पाहावेत. वरच्या बाजूस हलकी टकटक असेल तर टॅपेट पाहावें. पण थंड एंजिनांत टकटक होऊन तापल्यावर ती कमी होत असेल, तर धुराच्या नळीचा सांधा गळत असण्याचा संभव असतो. सुरू करतांना किंचाळल्यासारखा आवाज आला तर पंख्याचा पट्टा सैल असेल. भुसभुस आवाज होऊन एक सिलिंडर लंगडत असेल तर प्लग नीट आवळला आहे का पाहावें. परंतु एंजिनाच्या पोटांतून, खालून, जड ठोके येऊं लागले तर क्षणाचाही विलंब न करतां एंजिन बंद करावें व जाणत्यास बोलवावें. तेथें घरगुती शौर्य कामाचें नाहीं. मुलांनीं तर वडील माणसांवांचून बॉनेटखालीं हात घालूंच नये. फिरता पंखा दिसत नाहीं पण बोटें तोडतो. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडल्यास उकळतें पाणी अंगावर येतें. प्लगच्या तारेंत हजारों व्होल्टचा दाब असतो. आणि बंद जागेंत चालू ठेवलेल्या एंजिनाचा धूर वास न येतांही प्राण घेतो.

काळ पालटला आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयांत ऑक्टोबर २००३ मध्यें नोंदली गेली, आणि टॅक्सीस ठरविलेली वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर ती गाडी मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून कायमची गेली. आजच्या गाडींत कार्ब्युरेटर नाहीं. हवा किती व पेट्रोल किती हें एक लहानसा संगणक ठरवितो, आणि दोषाचा आंकडाही तोच दाखवितो. तिच्या तारांवर ठिणगीचे जुने प्रयोग करूं नयेत. त्यानें संगणकाची हानि होते. विजेवर चालणाऱ्या गाडीस तर मंद चालच नाहीं; ती थांबली कीं तिची मोटरही थांबते. तरीसुद्धां पेट्रोलच्या नव्या गाडींतही दुरुस्तीनंतर एखादी नळी सैल राहिली तर ती सिग्नलला तशीच धापा टाकते, आणि संगणकाचा आंकडा कोणत्या बाजूस पाहावें एवढेंच सुचवितो. नेमकी फट माणसासच शोधावी लागते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं थोडेच एंजिनें उघडतील. पण गणिताचें उत्तर न जुळणें, प्रयोगशाळेंतील प्रयोग फसणें, वर्गांतून एखाद्याचें पेन नाहींसें होणें, हीं संकटें तुम्हां सर्वांवर येणार आहेत. अशा वेळीं वहीचें एक पान घ्या व दोन याद्या करा. आपला हात शेवटीं कोठें लागला होता, तेथून आरंभ करा. एका वेळीं एकच गोष्ट बदला. आणि जोंपर्यंत प्लग काढून पाहिला नाहीं, ठोक्यांची लय ऐकली नाहीं, तोंपर्यंत भिंतीशीं उभ्या असलेल्या मुलाचें नांव तोंडांतून काढूं नका.